शेजारच्या खाटेवरचं स्वप्न

परतवाड्याहून चिखलदऱ्याला निघालेली दुपारची बस घाटाच्या मध्यावर आपसूक मंदावली, डाव्या अंगाला सरकली आणि एका सागाखाली जाऊन उभी राहिली. प्रवाशांना वाटलं, समोर गवा आला असेल. मेळघाटात त्यात नवल नाही. लोक खिडकीतून डोकी काढून जंगलाकडे बघू लागले. चालकाच्या जागेवर बसलेली वनिता इंगळे मात्र समोरच्या काचेकडे बघत होती आणि तिला तिथं रस्त्याऐवजी पाणी दिसत होतं. हिरवट, संथ, गुडघाभर पाणी. त्यात ती स्वतः उभी होती आणि पायांना इतकं गार वाटत होतं की बाहेर यावंसंच वाटत नव्हतं.

मग पाणी आटलं. रस्ता दिसला. स्टिअरिंगच्या वर बसवलेला, चालकाच्या पापण्यांवर नजर ठेवणारा कॅमेरा लाल झाला होता आणि बसमधला यांत्रिक आवाज मंजुळपणे सांगत होता, "चालकाला झोप लागली आहे. बस सुरक्षित थांबवली आहे."

मागून एक म्हातारी उठून पुढं आली. वनिताच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "झोप लागली काय वो बाई? लागू दे. थकलं असन आंग."

कुणी शिव्या घातल्या असत्या तर वनिताने ऐकून घेतल्या असत्या. त्या हाताने मात्र तिला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवसापासून तिचं स्टिअरिंग सुटलं. डेपो मॅनेजर भला माणूस होता. त्याने तिला चौकशीच्या खिडकीत बसवलं आणि सांगितलं, "मॅडम, झोपेची चाचणी पास करा, गाडी तुमचीच आहे." पण झोप काही अभ्यास करून येणारी गोष्ट नव्हती.

पाळी थांबली त्यालाही आता बराच काळ लोटला होता. तेव्हापासून वनिताचं शरीर तिच्या ओळखीचं राहिलं नव्हतं. बसल्या बसल्या पोटातून वाफ उठे, छातीवरून मानेवर चढे, कान तापत, आणि क्षणात सगळं अंग घामाने निथळून थंडगार पडे. रात्री हे दोन-चारदा झालं की झोपेचे तुकडे तुकडे होत. भाकरी तेवढीच, भाजी तेवढीच, चालणंही तेवढंच. तरी पोट आणि कंबर वाढत राहिली. खाकी जाकिटाचं मधलं बटण लागेना. अमरावतीच्या डॉक्टरांनी पायातली जुनी रक्ताची गाठ बघून हार्मोनच्या गोळ्यांना नकार दिला. रात्रीचं जेवण लवकर कर, चहा सोड, वजनं उचल, असं जे जे कुणी सांगितलं ते ते तिने केलं. थोडा फरक पडे, मग परत तेच. पंखा लाव, पंखा बंद कर, पांघरूण दे, पांघरूण काढ, या धांदलीत नवऱ्याची झोप नको मोडायला म्हणून तिनेच एकदा सांगितलं, "तुम्ही बाहेरच्या खोलीत झोपत जा." प्रल्हादने खाट उचलली. तो शांत माणूस. संत्र्याच्या कलमांची त्याची रोपवाटिका होती, आणि दिवसभर रोपांत राहून त्याचं बोलणंही रोपांसारखंच झालं होतं, सावकाश, आणि गरजेपुरतं.

चिखलदऱ्यात, कॉफीच्या मळ्यांच्या वरच्या अंगाला, त्या सुमारास मंदनिद्रा केंद्र नावाची एक जागा सुरू झाली होती. केंद्राच्या प्रमुख डॉ. नाझनीन काझी अचलपूरच्याच. वनिता त्यांच्यापुढे जाऊन बसली तेव्हा त्यांनी आधी खिडकी उघडली, मग टेबलावरचा एक बदाम उचलून तिच्या हातात दिला.

"तुमच्या मेंदूच्या तळाशी एवढासा भाग आहे," त्या म्हणाल्या. "शरीराची ऊब, भूक, झोप, सगळ्याची देखरेख तो करतो. त्यात काही पेशी अशा आहेत की अंग जरा तापलं की त्या ओरडतात, घाम सोडा, रक्त कातडीकडे पाठवा. इतकी वर्षं इस्ट्रोजेनने त्यांना लगाम घातलेला असतो. पाळी जाते तेव्हा तो लगाम सुटतो. मग त्या उगाचच ओरडतात. घरात आग नाही आणि भोंगा वाजतोय, असं समजा."

"आणि वजन?"

"झोप मोडली की भूक वाढते. इस्ट्रोजेन गेलं की चरबीही जागा बदलते, मांड्या सोडून पोटावर येते. तुम्ही आळशी झाला नाहीत, वनिताताई. हिशेब बदललाय."

हे वाक्य वनिताला आजवर कुणी ऐकवलं नव्हतं. तिने बदाम मुठीत घट्ट धरला.

काझींनी पुढं सांगितलं ते काहीसं अद्भुत होतं. मेळघाटातल्या गुहांमधली वटवाघळं थंडीत मंद होतात. अंग गार करतात, हृदय हळू करतात आणि साठवलेल्या चरबीवर जगतात. त्यांच्या मेंदूतही असाच बदामाएवढा भाग हे सगळं सांभाळतो. कानाला ऐकू न येणारा बारीक आवाज कवटीतून नेमका तिथे सोडला, तर माणसालाही तशी उथळ मंदी आणता येते, हा शोध लागला होता. शरीर दोन-तीन अंशांनी थंड होतं, ओरडणाऱ्या पेशी शांत होतात आणि पोटावरची चरबी हळूहळू वितळते. स्नायू झिजू नयेत म्हणून त्यांना विजेच्या हलक्या गुदगुल्या करत राहायचं.

"पण गंमत अशी की ती मंदी म्हणजे झोप नव्हे," काझी म्हणाल्या. "मंद पडलेला प्राणी झोपेला मुकतो. म्हणून रोज काही तास आम्ही तुम्हाला जरा वर आणतो आणि खरी झोप देतो. स्वप्नं पडतील ती त्या वेळात. तीन आठवडे. परत याल तेव्हा भोंगा बराच काळ शांत राहील."

घरी तिने प्रल्हादला विचारलं तेव्हा तो कलमाला पट्टी गुंडाळत होता. "तुले बरं वाटत असन त जा," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "मी येतो सोडाले."

केंद्राच्या दारात दोघे थांबले तेव्हा बाहेर इतकं धुकं होतं की प्रल्हाद माघारी वळल्यावर चार पावलांत नाहीसा झाला. फक्त त्याचा आवाज आला, "येजो वो."

निजायच्या दालनात दोन-दोन खाटांच्या जोड्या होत्या. वनिताच्या शेजारी नागपूरच्या एक बाई होत्या, अनुराधा पांढरीपांडे. विमा कंपनीतून नुकत्याच निवृत्त झालेल्या, आवाज भारदस्त, केस पांढरेशुभ्र. दोघींचं बोलणं जेमतेम झालं.

"घाबरलीस?" त्यांनी विचारलं.

"थोडीशी."

"मीही. पण परवा मी माझ्याच बहिणीवर खिचडी आळणी झाली म्हणून ताट आपटलं. त्यापेक्षा झोपलेलं बरं."

दोघी हसल्या. मग मानेखाली गार पट्टी सरकली, आणि वनिताला वाटलं आपण कुठल्यातरी विहिरीच्या पायऱ्या उतरतो आहोत, एकेक पायरी, आणि पाणी वर येऊन आपल्याला भेटतं आहे.

खाली एक घर होतं.

लाल कोब्याची जमीन, अंगणात पेरूचं झाड, आणि सगळीकडे दुपार. कधीच न संपणारी, मधासारखी दुपार. पेरूखाली एक पोरगी बसली होती, चारेक वर्षांची. कपाळावर सरळ कापलेले केस. चपला उलट्या घातलेल्या, डावी उजव्या पायात. ती मुंग्यांना बिस्किटाचा चुरा घालत होती आणि प्रत्येक मुंगीला म्हणत होती, रांगेत या, रांगेत या. वनिताकडे बघून तिने दोन्ही हात वर केले.

"आई, उचल. माझे पाय झोपलेत."

वनिताने तिला उचलून कमरेवर घेतलं. केसांना खोबरेल तेलाचा आणि उन्हाचा वास होता. पोरीचं सगळं वजन तिच्या कुशीवर आलं आणि वनिताला वाटलं, हे वजन आपल्याला हवंच होतं. आपलं शरीर इतकी वर्षं याच्यासाठी रिकामी जागा ठेवून उभं होतं.

तिचं नाव टिल्ली होतं. हे कुणी सांगितलं नाही, वनिताला ते माहीतच होतं. टिल्लीला दुधावरची साय आवडत नव्हती. टिल्लीला पिवळा रेनकोट घालूनच झोपायचं असे, बाहेर टिपूस नसला तरी. टिल्ली तापली की रडत नसे, गप्प होई, आणि तेच जास्त भीतीचं असे. दिवसांमागून दिवस गेले. पाणी खाली-वर होत राहिलं, आणि प्रत्येक वेळी खाली ते घर असे आणि त्या घरात ती पोरगी.

जाग आली तेव्हा खिडकीत ऊन होतं. शेजारची खाट रिकामी होती. अनुराधाबाई आदल्या दिवशीच घरी गेल्या होत्या. परिचारिका गोड हसून म्हणाली, "कसं वाटतंय?"

"टिल्ली कुठंय?" वनिताने विचारलं. आणि विचारतानाच तिला कळलं की टिल्ली कुठेच नाही. ती ओक्साबोक्शी रडली. आपलं मूल हरवलेल्या बाईसारखी.

डॉ. काझी तिच्याजवळ बराच वेळ बसल्या.

"हे आम्हालाही नवीन आहे," त्या प्रांजळपणे म्हणाल्या. "स्वप्नात एरवी शरीराला कुलूप लागतं, म्हणून आपण उठून धावत नाही. थंडाव्याने ते कुलूप जरा सैल पडतं, ओठांपुरतं. बायका स्वप्नात पुटपुटतात. आणि डोळ्यांना पापण्या असतात, कानांना नसतात. शेजारची झोपेत जे ऐकते, त्यातून तिचा मेंदू पुरं चित्र रंगवतो. विचित्र हे की जी बोलते तिला काहीच आठवत नाही. जी ऐकते तिला सगळं आठवतं."

"म्हणजे ती अनुराधाताईंची मुलगी?"

"असावी. मी खाटा लांब ठेवायला हव्या होत्या. पुढच्या वेळी ठेवणार आहे."

वनिता एकदम म्हणाली, "नका ठेवू."

घरी आली तेव्हा जाकिटाचं मधलं बटण सहज लागलं. गाल उतरले होते, डोळ्यांखालचं काळं गेलं होतं. ती पडल्या पडल्या झोपे आणि सकाळी चिमण्यांच्या आवाजाने उठे. चाचणी झाली, कॅमेऱ्याने तिच्या पापण्या मुकाट्याने मान्य केल्या, आणि तिला परत घाटाची बस मिळाली. डेपोतल्या बायका घोळका करून विचारत, "काय केलं गं नेमकं?" ती सांगे, "झोपले." सगळ्या हसत. त्या वर्षी परतवाड्यातून बऱ्याच जणी वर गेल्या. सधन घरच्या बायका तर वर्षातून दोनदा जाऊ लागल्या, तीन आठवड्यांचे सहा, सहाचे दहा. शहरांत नवरे आणि पोरं मंदनिद्रेच्या तारखा बघून घरची लग्नं ठरवू लागली.

वनिता बरी झाली होती, पण प्रल्हादला काहीतरी वेगळं दिसत होतं. ओट्याशी उभी राहिली की ती डावी कंबर बाहेर काढून उभी राही, एक हात मोकळा ठेवून.

"कंबर दुखते काय?" त्याने विचारलं.

"नाही."

ती कसलंसं गाणं गुणगुणे, मुंग्यांना रांगेत बोलावण्याचं. दुधावरची साय ती आता काढून बाजूला ठेवी. एकदा रोपवाटिकेत, शेडनेटच्या हिरव्या उजेडात, प्रल्हादने खुरपं खाली ठेवलं आणि म्हणाला, "आता सांग."

तिने सांगितलं. पेरू, रेनकोट, उलट्या चपला, केसांचा वास. सांगताना तिचा चेहरा इतका उजळला की प्रल्हादला तिच्याकडे बघवेना. या दोघांना मूल झालं नव्हतं. तरुणपणी दवाखाने झाले, एकदा दिवस राहिले आणि गेले, आणि मग दोघांनी मिळून ठरवलं होतं की आता पुरे. तो विषय त्यांनी इतक्या नीट गुंडाळून ठेवला होता की त्याची जागाही विसरली होती.

"ती दुसऱ्याची हाय, वनिता."

"माहीत आहे."

"मंग?"

"मला परत जायचंय. पुढच्या थंडीत. त्याच बाईंच्या शेजारी. डॉक्टर म्हणाल्या, त्यांची परवानगी लागेल. मी विचारायला सांगितलंय."

प्रल्हाद खाली वाकला. त्याने एक रोप उचललं, त्याची मुळं चाचपली, परत ठेवलं.

"आपली पोरगी मले कवाच दिसली नाही," तो शेवटी म्हणाला. "इतकी वर्षं झाली. स्वप्नातबी नाही. मी त वाट पाहत होतो."

त्याने हे कधी बोलून दाखवलं नव्हतं. तो उठून पंपाकडे निघून गेला.

पावसाळा लागला तशी एके दिवशी परतवाड्याच्या स्टँडवर एक पांढऱ्याशुभ्र केसांच्या बाई बसमध्ये चढल्या आणि चालकाच्या मागच्या पहिल्या सीटवर बसल्या. वनिताने आरशात पाहिलं आणि तिचा हात चावीवरच थांबला.

"चल," अनुराधाबाई म्हणाल्या. "बोलू वर गेल्यावर. मला आधी घाट बघायचाय."

बस घाटाला लागली. तिसऱ्या वळणाच्या जरा आधी मागून हलकेच आवाज आला, "इथे हॉर्न." वनिता हॉर्नवर हात ठेवतच होती. पुढे परत, "आता उजवीकडे दरी उघडते. इथे तू श्वास सोडतेस." खरंच सोडला. म्हणजे त्या दालनात वनिताही झोपेत पुटपुटली होती. या बाईंनी आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नसेल, आणि त्यांना हा रस्ता तिच्या मनगटातून माहीत होता.

वर पोचल्यावर दोघी स्टँडबाहेरच्या टपरीवर कॉफी घेऊन बसल्या. समोर धुकं झाडांमध्ये हळूहळू फिरत होतं.

"डॉक्टरांचा निरोप मिळाला," अनुराधाबाई म्हणाल्या. "तुला माझ्या शेजारी झोपायचंय. का, ते मला अंदाजाने कळलंय. पण तू सांग. मला आठवत नाही ना काहीच. मी काय बोलले?"

"तुमच्या मुलीबद्दल."

"तन्वीबद्दल?"

"टिल्लीबद्दल."

अनुराधाबाईंच्या हातातला कप टेबलावर टेकला. "कितीशी होती?"

"चार वर्षांची असेल."

"केस?"

"कपाळावर सरळ कापलेले."

"मीच कापायचे. वाडगं ठेवून." त्या पुढं वाकल्या. "आणखी सांग. थांबू नकोस."

वनिता सांगत राहिली. मुंग्या, बिस्किटाचा चुरा, पाय झोपलेत म्हणून वर केलेले हात. अनुराधाबाई मधेच हसत, मधेच तोंडावर हात धरत. पिवळ्या रेनकोटचं ऐकून त्या एकदम ताठ झाल्या. "तो रेनकोट! मी विसरले होते गं. पूर्ण विसरले होते." वनिता एका परक्या बाईला तिच्याच मुलीचं लहानपण सांगत होती, आणि ती आई पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी ऐकत होती.

"वनिता, तुला वाटत असेल ती माझ्याकडे आहे," जरा वेळाने त्या म्हणाल्या. "माझ्याकडेही नाही ती. तन्वी सव्वीस वर्षांची आहे, हॉलंडमध्ये असते. दर रविवारी फोन येतो. ती विचारते, कसं चाललंय, मी म्हणते, चाललंय. मग तीही म्हणते, चाललंय. चार वर्षांची पोरगी मला फक्त झोपेत भेटते, आणि उठल्यावर तेही आठवत नाही."

त्यांनी काहीतरी मनाशी ठरवलं आणि फोन काढला. पलीकडून एक जाडसर, घाईतला, मोठ्या बाईचा आवाज आला. "आई? आज काय? आज रविवार नाहीये."

"तन्वी, तुला आठवतं का, तू चपला उलट्या घालायचीस?"

पलीकडे एक हसू. "आई, मी अजूनही घालते. परवा ऑफिसला गेले तशीच. तुला कसं आठवलं एकदम?"

दोघी बोलत राहिल्या. वनिता उठून जरा लांब जाऊन उभी राहिली. तो आवाज तिच्या ओळखीचा नव्हता. त्यात टिल्ली कुठेही नव्हती. तिला वाटलं होतं तसं दुःख झालं नाही. काहीतरी हलकेच कमरेवरून उतरून धुक्यात चालू लागलं आणि तिने त्याला जाऊ दिलं.

बस निघायची वेळ झाली. अनुराधाबाई डोळे पुसत आल्या. "ये माझ्या शेजारी. मी नाही म्हणणार नाही. मी तर या थंडीत दोन महिने झोपणार होते... आता बघते." मग त्यांना आठवलं. "अगं, माझ्या स्वप्नात गाडी चालवताना पहिल्या सीटवर एक माणूस असायचा. बोलायचा नाही. वळण अवघड आलं की आपण आरशात त्याच्याकडे बघायचं, की तो मान हलवायचा. मग वळण सोपं व्हायचं. कोण गं तो?"

वनिता पायरीवर पाय ठेवून तशीच थांबली. ती नोकरीला लागली तेव्हा घाटात बाईने गाडी चालवायची हे लोकांना नवीन होतं, आणि तिला स्वतःलाही. त्या महिन्यात प्रल्हाद रोपवाटिका भावावर सोपवून रोज तिच्या बसमध्ये बसे. तिकीट काढून, पहिल्या सीटवर. वर जाई, कॉफी पिई, आणि खाली येई. तिला भीती वाटते असं ती त्याला कधी म्हणाली नव्हती. आणि हे सगळं ती किती सहज विसरून गेली होती!

"माझा नवरा," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी ती घरी गेली आणि बाहेरच्या खोलीतली खाट एकटीनेच ओढत आत आणू लागली. प्रल्हाद हात धुऊन आला आणि बघत राहिला.

"काहून वो?"

"दुसरी बाजू धरा," ती म्हणाली. "मला गरम होईल, मी पंखा लावीन, मग बंद करीन. तुमची झोप मोडेल. मोडू दे."

त्याने दुसरी बाजू धरली.

थंडी आली तेव्हा वनिता वर गेली नाही. डॉ. काझींनी तिला घरी वापरायची मानेची लहान पट्टी दिली. "ही शरीर मंद करणार नाही, फक्त भोंग्याचा आवाज कमी करील," त्या म्हणाल्या. "वजन थोडं परत येईल हं."

"येऊ दे."

आलं, थोडं. वनिताने जाकीट शिंप्याकडे नेऊन बाजूने सैल करून घेतलं. ती सकाळी डोंगरवाटेने चालायला जाऊ लागली. कधी प्रल्हाद बरोबर असे, कधी नसे. काही रात्री गाढ झोप लागे. काही रात्री अंग तापे, आणि अंधारात शेजारच्या खाटेवरून एक हात पाण्याचा तांब्या पुढं करी. कॅमेऱ्याने परत कधी लाल डोळा केला नाही. टिल्लीही तिच्या झोपेत परत आली नाही. निदान सकाळी वनिताला काही आठवत नसे. फक्त प्रल्हाद कधीतरी सांगे, "तू झोपीत बोलतं." काय, ते विचारलं की खांदे उडवी.

मग एका सकाळी तो चहा घ्यायला आत आलाच नाही. वनिता बाहेर गेली. तो रोपवाटिकेच्या कडेला उकिडवा बसला होता, वाफ्याकडे बघत. डोळे ओले होते आणि चेहरा असा की तिने तो लग्नाच्या वर्षानंतर पाहिला नव्हता.

"काय झालं?"

"एक पोरगी आली होती," तो म्हणाला. आवाज अगदी हळू, जणू मोठ्याने बोललं तर ती जाईल. "रातच्याले. इथं, या वाफ्यात. झारी तिच्यापेक्षा मोठी होती. एकेका रोपाले पाणी घातलं तिनं आणि प्रत्येकाले नाव देलं."

वनिता त्याच्या शेजारी बसली. टिल्लीच्या घरात रोपं कधीच नव्हती.

"कशी होती?"

"वेणी होती लांब. आणि डावखुरी होती." त्याने स्वतःचा डावा हात उघडून बघितला. "माह्यासारखी."

"नाव विचारलं?"

"नाही," प्रल्हाद म्हणाला, आणि हसला. "लय कामात होती."